शास्त्राभ्यासाची स्त्रीपरंपरा

संस्कृत विद्येत पारंगत असलेल्या पंडिता रमाबाईंनी ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केल्यावर, मूळ ग्रंथाचा अर्थ अल्पशिक्षित स्त्रियांनाही सुगम मराठीत कळावा एवढ्यासाठी हिब्रू व ग्रीक भाषांचे अध्ययन करून बायबलाचे भाषांतर सिद्ध केले, आणि 1922 साली त्यांचे देहावसान झाले तेव्हा ते कार्य पूर्णत्वास पोहोचलेले होते. त्यांच्या केडगावच्या मुक्तिसदनातील छापखान्यात खिळे जुळवण्याचे कामही तेथील स्त्रियाच करीत.

बायबलाचा अभ्यास आरंभावा कसा? त्यातील रूथचे पुस्तक अवघ्या चार अध्यायांचे आहे. प्रथम एकान्तात ते सलग वाचावे. मग कोण, कोणास, कोणत्या प्रसंगी बोलले याची वहीत नोंद करावी. परदेशी विधवा रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचते, तो केवळ मालकाच्या मेहरबानीने नव्हे. शेतात राहिलेले धान्य परका, अनाथ व विधवा यांसाठी सोडावे असा हुकूम बायबलातीलच ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात आहे. असा पूर्वसंबंध पाहिल्यावाचून अर्थ पक्का होत नाही.

त्यानंतर भगिनीमंडळात बसावे. जिने वैधव्य सोसले, जिने शेतात मजुरी केली, तिला त्याच ओळीत जे दिसते ते इतरांच्या दृष्टीस पडलेलेच नसते. मात्र प्रत्येकीने आपले मत मांडताना मजकुरातील आधार दाखवावा.

भगिनींनो, आज एक अध्याय वाचा, एक प्रश्न लिहून ठेवा, आणि तो घेऊन शेजारणीकडे जा.