मॉरिशसचा भात आणि आपले तेल



हिंदी महासागरातील मॉरिशस बेटावर एकोणिसाव्या शतकात गिरमिटिये म्हणून गेलेल्या मराठी माणसांचे वंशज आजही नांदत आहेत. त्या मजुरांनी तेथे ऊस उभा केला. पण त्यांच्या ताटातला भात जहाजानेच येई. १९४२ साली ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला, तांदूळ आटला, तेव्हा सरकारने मळेवाल्यांना मक्यासारखी अन्नपिके लावावयास भाग पाडले. युद्ध संपले आणि ऊस परतला. पुढे जुलै २०२३ मध्ये भारताने साध्या पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. त्या वेळी मॉरिशसला १४,००० टनांची खास परवानगी द्यावी लागली.

हे दुखणे केवळ बेटाचेच काय? मराठवाड्याला समुद्र नाही, तरी आपली फोडणी जहाजावरच अवलंबून आहे. देशाच्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येते. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटले, इंडोनेशियाने काही आठवडे पामतेल रोखले, आणि आपल्या गल्लीत तेलाचा डबा महागला.

आपल्या काळ्या रानात करडई नुसत्या ओलीवर येते. मग ती मागे का पडली? काढणीला काटे बोचतात, मजुरी परवडत नाही, हमीभाव जाहीर झाला तरी गिऱ्हाइकाचा भरवसा नसतो. शेतकऱ्याला बोल लावणे सोपे आहे; पण गिऱ्हाईक म्हणजे आपणच. आम्हा शहरवासीयांच्या स्वयंपाकघरात करडईचे तेल परतले, तर शेतातही ती परतेल, असे आम्हांस वाटते.