उज्जयिनीचे सात सागर

माळव्याचे पठार समुद्रापासून शेकडो मैल दूर आहे. तरीही त्या पठारावरील उज्जैन नगरीला एक नव्हे, सात सागर लाभले आहेत. रुद्रसागर, पुष्करसागर, क्षीरसागर, गोवर्धनसागर, रत्नाकरसागर, विष्णुसागर आणि पुरुषोत्तमसागर ही त्यांची नावे. नावे सागरांची असली तरी हे सारे तलावच होत. स्कंदपुराणाच्या अवंतीखंडात त्यांचे माहात्म्य वर्णिले आहे, आणि अधिक मासात या सातही सागरांची यात्रा करण्याचा प्रघात तेथे आजही चालू आहे.

महाराष्ट्रात अधिक मास आला की जावयाला अनारशांचे वाण जाते. उज्जैनमध्ये त्याच महिन्यात दान घेऊन लोक सागरांच्या काठी जातात. रुद्रसागरी मीठ, पुष्करसागरी चण्याची डाळ, क्षीरसागरी दूध, गोवर्धनसागरी लोणी आणि खडीसाखर, रत्नाकरसागरी पंचरत्ने, विष्णुसागरी ग्रंथ आणि माळ, तर पुरुषोत्तमसागरी चाळणी आणि मालपुवे. ज्या सागराला जे शोभेल ते द्यावे, असा हा रिवाज. दान हाती घेऊन काठावर येणाऱ्या त्या यात्रेकरूला आज पाणी मात्र कसे दिसते, हा खरा प्रश्न आहे.

हे तलाव केवळ तीर्थे नव्हेत. माळव्याची जमीन दख्खनप्रमाणेच काळ्या कातळाची. सह्याद्रीच्या माथ्यावर जो काळा पाषाण आहे, त्याचीच जातकुळी उज्जैनच्या भूमीखालीही पसरली आहे. असा कातळ पाणी सहजासहजी पोटात घेत नाही. पावसाचे पाणी भराभर वाहून जाते. ते ठिकठिकाणी अडवून धरावे, सावकाश मुरू द्यावे आणि आसपासच्या विहिरींना त्याचा आधार मिळावा, ही सोय तलावांनी केली. पूर्वजांनी जी वस्तू उपयोगाची होती तिला पूज्य ठरविले आणि त्यामुळे ती टिकली. तलावाभोवती घाट आले, देवळे आली, आणि देवळाच्या पायरीवर बसणाऱ्याचे पाण्याकडे आपोआप लक्ष राहू लागले.

पुढे शहर वाढले. तलावाकडे उतरणाऱ्या ओढ्यांच्या जागी गटारे आली. काठाची जमीन मौल्यवान ठरली आणि पाण्याचा विस्तार वितीवितीने आक्रसत गेला. उंडासे गावाजवळचा रत्नाकरसागर गावाबाहेर असल्याने त्याला मोकळे आकाश उरले. पुष्करसागरासारखा सागर मात्र दाट वस्तीत कोंडला गेला. हे कोणी वैरभावाने केले असे नाही. प्रत्येकाने आपल्या मोरीचे पाणी तेवढे खाली सोडले, प्रत्येकाने एकच निर्माल्याची पुडी टाकली, प्रत्येकाने एकच मूर्ती विसर्जित केली. सागर नासला तो अशा लहान लहान कृत्यांच्या बेरजेने.

तलाव नासतो म्हणजे काय होते, हे समजून घेण्याजोगे आहे. सांडपाण्यातून नत्र आणि स्फुरद ही द्रव्ये येतात. शेतकरी जी खते पिकाला देतो, तीच ही द्रव्ये. शेतात ती पिकाला पोसतात. पाण्यात ती शेवाळाला पोसतात. शेवाळ मरून कुजू लागले की ते कुजविणारे सूक्ष्म जीव पाण्यातील प्राणवायू खाऊन टाकतात. स्नानयोग्य पाण्यात लिटरमागे किमान पाच मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू असावा, असा आपल्या देशातील दंडक आहे. रात्री सूर्यप्रकाश नसल्याने वनस्पती प्राणवायू निर्माण करीत नाहीत. म्हणून पहाटेच्या वेळी तो सर्वांत कमी असतो, आणि एखाद्या सकाळी काठावर मेलेल्या माशांचा थर दिसतो. त्यावर जलपर्णीची भर. दक्षिण अमेरिकेतील ही वनस्पती तिच्या जांभळ्या फुलांच्या मोहाने भारतात आणली गेली. सांडपाण्यावर ती इतकी माजते की पंधरवड्यात दुप्पट होऊ शकते. पाहणाऱ्याला वाटते, तलाव हिरवागार आहे. वस्तुतः तो गुदमरत असतो.

या अवस्थेची खंत उज्जैनच्या लोकांना वाटली नाही असे मुळीच नाही. तेथील एका नागरिकाने सप्तसागरांचा प्रश्न राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे नेला. साधुसंत गोवर्धनसागरासाठी धरणे धरून बसले. कायद्याच्या वाटेने जाणारा आणि धर्माच्या वाटेने जाणारा, दोघेही एकाच काठावर येऊन पोहोचले. २०२४ आणि २०२५ या वर्षी मध्य प्रदेश शासनाने जलस्रोतांच्या संवर्धनाची मोहीम चालविली. २०२५ च्या मोहिमेचा प्रारंभ गुढीपाडव्याला उज्जैनमध्येच क्षिप्रेच्या तीरावर झाला. लोकांनी हाती घमेली घ्यावीत, श्रमदान करावे, असे आवाहन तिच्यात होते.

रुद्रसागराचे भाग्य त्याआधीच उजळू लागले होते. महाकालेश्वराच्या मंदिराला लागून असलेल्या या तलावाचा समावेश मंदिर परिसराच्या विकासयोजनेत झाला. त्यात येणारे सांडपाणी अडविणे आणि तलावात क्षिप्रेचे पाणी आणणे ही कामे त्या योजनेत होती. ११ ऑक्टोबर २०२२ रोजी ‘महाकाल लोक’ या नावाने पहिला टप्पा लोकांना खुला झाला. जेथे नाक धरून जावे लागे, तेथे लोक आता हौसेने थांबू लागले, हे लहान यश नव्हे.

परंतु येथेच सावध राहावयास हवे. तलावात आणलेले पाणी नदीचे, आणि नदी स्वतः तरी कुठे निश्चिंत आहे? इंदूर शहरातून वाहत येणारी कान्ह नदी उज्जैनच्या वरच्या अंगाला, त्रिवेणीपाशी, क्षिप्रेला मिळते आणि येताना त्या मोठ्या शहराचा मळ बरोबर आणते. म्हणजे उज्जैनच्या सागराचे आरोग्य इंदूरच्या मोरीपर्यंत जाऊन पोहोचते. तसेच श्रमदानाचे. शंभर हातांनी जलपर्णी उपसून काठावर रचली आणि ती तेथेच कुजू दिली, तर पहिल्या पावसात तिचे सत्त्व पुन्हा पाण्यातच उतरते. गटार चालू ठेवून जलपर्णी काढणे म्हणजे नळ उघडा ठेवून जमीन पुसणे होय. कामाला क्रम असतो: आधी हद्द ठरवावी, मग गटार अडवावे, मग गाळ काढावा, आणि सुशोभनाचा विचार सर्वांत शेवटी करावा.

हा क्रम धीराने पाळल्यास काय साधते, याचा दाखला उज्जैनपासून सुमारे पंचावन्न किलोमीटरवर, इंदुरातच आहे. होळकरांच्या काळातील सिरपूरचा तलाव अतिक्रमणाने, कचऱ्याने आणि शिकारीने पार गांजला होता. चित्रकार आणि छायाचित्रकार भालू मोंढे आणि त्यांचे निसर्गप्रेमी सहकारी यांनी १९९० च्या दशकात त्याची बाजू घेतली. त्यांच्यापाशी अधिकार नव्हता की धन नव्हते. ते वर्षानुवर्षे तेथे जात राहिले, पक्षी मोजत राहिले, तक्रारी लिहीत राहिले. मोंढे यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि २०२२ मध्ये सिरपूर तलाव रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे पाणथळ क्षेत्र ठरला. तीस वर्षांच्या या प्रयत्नाचे मर्म एकाच शब्दात सांगता येते: पाहणे. त्यांनी तलावावरची नजर हलू दिली नाही.

उज्जैनमध्ये नेमके हेच सुटले होते. यात्रा चालू राहिली, दाने चालू राहिली. पाण्याकडे पाहणे तेवढे थांबले. बाप्तिस्म्याचे पाणी, वजूचे पाणी, तीर्थाचे पाणी. पाण्याशिवाय कोणत्याच धर्माचे चालत नाही. परंतु पाणी पवित्र आहे असे मानले की ते आपोआप स्वच्छ राहते, हा समज कोणत्याच धर्माला परवडलेला नाही.

पाहण्यासाठी फार मोठी साधने लागतात असेही नाही. १८६५ साली अँजेलो सेक्की या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने, जो जेझुइट धर्मगुरूही होता, पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात एक पांढरी तबकडी दोरीने खाली सोडली. ती दिसेनाशी झाली, ती खोली त्याने लिहून ठेवली. पाण्याची पारदर्शकता मोजण्याची ती रीत आजही जगभर चालते. तलावांसाठी वीस सेंटिमीटर व्यासाची काळी-पांढरी तबकडी वापरतात. ती कोणत्याही शाळेला करता येईल. सातही सागरांच्या काठच्या शाळांनी दर महिन्याला शिक्षकांच्या देखरेखीखाली तबकडी सोडून खोली नोंदवावी, ती शाळेच्या फळ्यावर आणि देवळाच्या दारावर लिहावी. या महिन्यात आकडा घटला, तर कोणते गटार पुन्हा उघडले याचा शोध मोहल्ल्याने आठवडाभरात घ्यावा. शासनाची योजना संपते, समारंभाचे मांडव उतरतात. पण फळ्यावरचा आकडा रोज सकाळी विचारणा करीत उभा राहतो.

२०२८ मध्ये उज्जैनला पुन्हा सिंहस्थ भरेल आणि कोट्यवधी माणसे त्या नगरीत येतील. त्यांच्यासाठी घाट सजतील, दिवे लागतील. ती परत गेल्यावर, एखाद्या साध्या अधिक मासात, मीठ घेऊन आलेली कोणी वृद्ध स्त्री रुद्रसागराच्या शेवटच्या पायरीवर वाकेल. पाण्याखालची दुसरी पायरी तिला दिसली, तर उज्जैनने आपले सागर राखले असे म्हणता येईल.