अवेळी चालणारी स्वयंचलित कामे : दोष कोठे शोधावा?

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील भाषणाचा मजकूर)



शाळेचा टोल द्यावयास नेमलेला मुलगा उशिरा आला, तर त्याला कारण विचारता येते. परंतु तेच काम यंत्राकडे सोपवले आणि टोल भलत्याच वेळी पडला, तर विचारावे कोणाला? हजेरीचा गोषवारा, पालकांस जाणारा निरोप, नोंदींची राखीव प्रत अशी कितीतरी कामे आज ठरावीक वेळी आपोआप व्हावीत म्हणून संगणकावर लावून ठेवली जातात. ती अवेळी झाली की यंत्र बिघडले असे म्हटले जाते, किंवा ज्याने ते लावून दिले त्याच्यावर ठपका येतो. वस्तुतः यंत्र बहुधा बिघडलेले नसते. सांगितले तेच ते करीत असते. ते कोणत्या घड्याळाप्रमाणे आणि कोणत्या शब्दांत सांगितले गेले, हे पाहावयाचे तेवढे राहून जाते.

एक शाळा डोळ्यांसमोर आणावी. तेथील एका तरुण शिक्षकाने मोठ्या हौसेने अशी व्यवस्था केली की, रोज सकाळी ११ वाजता उपस्थित मुलांची संख्या शालेय पोषण आहार शिजविणाऱ्या बाईंच्या फोनवर आपोआप जावी. बाईंनी त्यावर विश्वास ठेवून तांदूळ मोजावयाचे ठरविले. पहिल्याच दिवशी निरोप आला नाही. बाईंनी आदल्या दिवसाच्या अंदाजाने भात टाकला आणि शेवटच्या पंगतीस तो अपुरा पडला. निरोप आला तो दुपारी साडेचार वाजता, मुले दप्तरे आवरीत असताना! गावात बोल लागला तो शिक्षकास.

येथे पहिला प्रश्न 'दोष कोणाचा' हा नसून 'फरक किती' हा आहे. अकरा आणि साडेचार यांत बरोबर साडेपाच तासांचे अंतर आहे, आणि हा आकडाच कारण सांगतो. ज्या दूरच्या संगणकावर काम लावले होते, त्याचे घड्याळ जागतिक समन्वित वेळ दाखविते. भारतीय प्रमाणवेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. पृथ्वी एक अंश फिरण्यास ४ मिनिटे घेते. आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून धरलेली आहे. ८२.५ गुणिले ४ म्हणजे ३३० मिनिटे. वरच्या वर्गातील मुलेही हा हिशेब करू शकतील. तेव्हा आपले सकाळचे अकरा हवे असतील, तर त्या यंत्रास सकाळी साडेपाच सांगावयास हवे होते.

हा घोटाळा संगणकाबरोबरच आला असेही नाही. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली सुरू झाली, तरी मुंबई शहरात १९५५ पर्यंत 'मुंबई टाइम' चालत असे आणि तो प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असे. अकरा वाजता या म्हटले, तर कोणते अकरा हे विचारणेच शहाणपणाचे होते. यंत्राच्या बाबतीतही तोच प्रश्न विचारावा.

इतर फरकही असेच बोलके असतात. फरक बारा तासांचा असेल, तर सकाळ व संध्याकाळ यांची खूण चुकलेली असते. वर्षाचे काही महिने साडेपाच तास आणि काही महिने साडेचार तास असा फरक पडत असेल, तर ते घड्याळ ब्रिटनमधील वेळेवर लावलेले असण्याचा संभव आहे. तेथे मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे घेतात. शाळेतील विजेची घंटा दर आठवड्यास थोडी थोडी सरकत असेल, तर तिचे स्वतःचे घड्याळ मागे पडत आहे किंवा पुढे धावत आहे. गूगल ॲप्स स्क्रिप्टमध्ये रोज नऊची वेळ नेमली, तर नऊ ते दहा यांमधील एखादा क्षण ती यंत्रणाच निवडते. तेथे ९ वाजून ४० मिनिटांनी काम झाले, तर तो दोष नव्हे. तसेच तेथे तक्त्याचा कालविभाग व स्क्रिप्टचा कालविभाग वेगवेगळा नोंदलेला असतो. दोन्ही ठिकाणी 'आशिया/कोलकाता' आहे ना, हे पाहावे.

घड्याळ बरोबर असूनही काम चुकते, तेव्हा आज्ञा वाचावी. पुष्कळ संगणकांवर वेळापत्रक पाळणाऱ्या व्यवस्थेस 'क्रॉन' म्हणतात. तिला पाच रकाने भरून द्यावे लागतात : मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार. तारकेची खूण म्हणजे 'प्रत्येक'. मिनिटाच्या रकान्यात तारका ठेवून तासाच्या रकान्यात पाच लिहिले, तर काम पाच वाजता एकदा न होता, पाच ते सहा या तासात प्रत्येक मिनिटास, म्हणजे साठ वेळा होईल. तारीख १ आणि वार सोमवार असे दोन्ही लिहिले, तर 'एक तारखेस सोमवार असेल तेव्हाच' असा अर्थ क्रॉन घेत नाही. प्रत्येक एक तारखेस आणि शिवाय प्रत्येक सोमवारी ते काम होते. आणखी एक सूक्ष्म गोष्ट : आपल्याकडे सोमवारी पहाटेचे पाच वाजतात, तेव्हा जागतिक वेळेने रविवारी रात्रीचे साडेअकरा झालेले असतात. तेथे तासाबरोबर वारही बदलावा लागतो.

म्हणून तपासणीचा क्रम असा ठेवावा. प्रथम, काम प्रत्यक्ष केव्हा झाले याची नोंद, म्हणजे 'लॉग', पाहावी. कोणाच्या आठवणीवर विसंबू नये. दुसरे, अपेक्षित व प्रत्यक्ष वेळेतील फरक कागदावर मांडावा. तिसरे, यंत्राचे घड्याळ आणि त्याचा कालविभाग पाहावा. चौथे, आज्ञेचा एकेक रकाना मोठ्याने वाचावा. पाचवे, तेच काम दोनदा लावले गेले नाही ना, याची खात्री करावी. एका वेळी एकच दुरुस्ती करावी आणि काही मिनिटांनंतरची वेळ नेमून प्रचीती घ्यावी. काम कोणी, केव्हा व कोणत्या घड्याळाप्रमाणे लावले हे शाळेच्या वहीत लिहून ठेवावे, म्हणजे बदलीनंतर येणाऱ्या शिक्षकास अंधारात चाचपडावे लागणार नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे असे की, मुलाचे ताट यंत्राच्या निरोपावर टांगून ठेवू नये. अकरा वाजून दहा मिनिटांपर्यंत निरोप आला नाही, तर एका विद्यार्थ्याने प्रत्येक वर्गात जाऊन संख्या विचारावी आणि चिठ्ठी स्वयंपाकघरात द्यावी, एवढा नियम त्या शाळेने केला असता तर शेवटची पंगत उपाशी उठली नसती. त्या शिक्षकाचा हेतू चांगलाच होता आणि त्याचे यंत्रही आज्ञाधारक होते. दोघांमध्ये साडेपाच तासांचा हिशेब करावयाचा राहिला, इतकेच. तो हिशेब फळ्यावर मांडावा, मुलांकडून सोडवून घ्यावा, आणि मगच यंत्रास वेळ सांगावी.