रानचे पाणी आणि वाटसरूची तहान

पावसाळा ओसरू लागला की पणजीहून तरुणांचे मेळे पाठीवर पिशव्या टाकून डोंगरवाटांना लागतात. कोणी डिचोलीकडे वळून हरवळ्याचा धबधबा आणि भोवतालचे रान गाठतात, तर कोणी पेडण्यात हरमलच्या किनाऱ्याला लागून असलेल्या गोड्या पाण्याच्या तळ्यापाशी उतरतात. बरोबर घेतलेले पाणी दुपारपर्यंत संपते आणि वाटेत एखादा व्हाळ किंवा कातळातून पाझरणारी झर भेटते. पाणी गार असते, तळाचे खडेही स्पष्ट दिसतात. वाहते पाणी निर्मळ असते, हे तर लहानपणापासून ऐकलेले असते. ओंजळ आपसूक पुढे होते. ती क्षणभर थांबावी, यासाठी हे विवेचन.

डोळ्यांना गढूळपणा दिसतो, रोग दिसत नाही. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात पटकीची साथ उसळली. तेथील पंपाच्या पाण्याची चव आवडते म्हणून दूरच्या हॅम्पस्टेडमध्ये राहणारी एक विधवा ते मुद्दाम मागवीत असे. तिच्या वस्तीत साथ नव्हती, तरीही त्या पाण्याने तिचा बळी घेतला. डॉ. जॉन स्नो यांनी पाण्यावर ठेवलेल्या आरोपाला या मृत्यूने मोठे बळ दिले. आपल्या रानातही वरच्या अंगाला गुरे चरतात, उंदीर-घुशी फिरतात, माणसे प्रातर्विधीला बसतात. जांभा दगड सच्छिद्र आहे. त्यातून पाणी झपाट्याने खाली उतरते आणि वरची घाण वाटेत गाळली जाईलच, असा भरवसा नसतो. विषमज्वर, कावीळ, आव आणि हगवण यांचे जंतू अशा नितळ पाण्यातूनही पोटात जाऊ शकतात.

पाणी गाळून घेण्याची आपली जुनी चाल उपयुक्त आहे. पण तिची मर्यादाही ओळखली पाहिजे. नारूची अळी ज्या सूक्ष्म जलजीवाच्या पोटात वाढते, तो दाट विणीच्या कापडात अडकतो. नारूच्या निर्मूलनात या साध्या गाळण्याचा मोठा वाटा होता. भारतातील शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये आढळला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त ठरला. बांगलादेशात जुन्या साडीच्या चार पदरांतून पाणी गाळल्याने पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटल्याचे २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु निम्मे म्हणजे सर्व नव्हे. मोकळे सुटे जंतू आणि विषाणू कापडातून सहज निसटतात. म्हणून गाळणे ही पहिली पायरी समजावी. गढूळ पाणी आधी भांड्यात निवू द्यावे, मग वरचे नितळ पाणी चार पदरी फडक्यातून गाळावे.

दुसरी आणि खरी पायरी उकळण्याची. पाण्याला खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट ती टिकू द्यावी. उंचावर पाणी कमी उष्णतेला उकळते, हे खरे. १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईच्या माथ्यावर ते सुमारे ९५ अंशांना उकळते. पण जंतूंचा नाश करण्यास तेवढी उष्णता पुरेशी असते. हिमालयात दोन हजार मीटरच्या वर गेल्यास मात्र तीन मिनिटे उकळावे. उकळलेले पाणी झाकून निववावे आणि स्वच्छ बाटलीत भरावे. न उकळलेल्या पाण्याने बाटली विसळली, तर सारा खटाटोप फुकट जातो.

चूल पेटविणे शक्य नसेल तेथे क्लोरीनच्या गोळ्या कामी येतात. वेष्टनावरील प्रमाण पाळावे आणि निदान अर्धा तास थांबावे. गढूळ पाण्यात क्लोरीनची शक्ती गाळावरच खर्च होते, म्हणून येथेही आधी गाळणे आलेच. शिवाय क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परोपजीवी क्लोरीनला दाद देत नाही. तो उकळीनेच मरतो.

डिचोलीच्या खाणपट्ट्यात मात्र प्रश्न निराळा आहे. लोहखनिजाच्या ढिगाऱ्यांवरून वाहून आलेले तांबडे पाणी किंवा जुन्या खाणीच्या खड्ड्यात साचलेले हिरवट पाणी कितीही उकळले तरी त्यातील धातू जात नाहीत. उलट वाफ होऊन पाणी आटते आणि धातूंचे प्रमाण वाढते. असे पाणी टाळणे हाच उपाय. त्या भागात निघतानाच पुरेसे पाणी घ्यावे, किंवा वाटेतल्या घरी मागून घ्यावे. तांब्याभर पाण्याला गावात कोणी नाही म्हणत नाही.

आणि हे घर बहुधा त्याच झरीच्या खालच्या अंगाला असते. वाटसरूने ज्या पाण्याला जपून तोंड लावले, तेच पाणी त्याच्यामागे कोणाच्या तरी कळशीत जावयाचे असते. म्हणून शौचाला पाण्यापासून किमान साठ मीटर दूर जावे, खड्डा करून तो बुजवावा. साबण आणि खरकटी भांडी झरीत बुडवू नयेत. वाटसरू संध्याकाळी पणजीला परततो. झर मात्र त्या गावालाच पुरवायची असते.