सड्यावरची फुले ओळखू या



वार्षिक संमेलनात शिक्षक बोलायला उभा राहिला की तो अभ्यास, शिस्त आणि मार्क यांवर बोलणार, हे आपण गृहीत धरलेले असते. आज मात्र मी फुलांविषयी बोलणार आहे. याला कारण माझी स्वतःची एक चूक आहे.

काही वर्षांपूर्वी जून महिन्यात शाळा नुकतीच सुरू झाली होती. आठवीतली एक मुलगी एक पांढरे फूल घेऊन वर्गात आली. "सर, ह्या फुलाचा नाव काय?" मी वर न बघताच म्हणालो, "रानफूल आहे. धड्याकडे लक्ष दे." मुलगी गप्प बसली. वर्षभरात तिने पुन्हा काही विचारले नाही. पुढे एका पुस्तकात त्याच फुलाचे चित्र माझ्या नजरेस पडले. ते दीपकाडीचे फूल होते. तिच्या शास्त्रीय नावातच आपले कोकण आहे: डिपकॅडी कोंकनेन्स. कोकणपट्टी आणि तिच्या लगतचा मुलूख हेच तिचे घर. मुलीला सांगावे आणि आपणही पाहावे म्हणून मी तिने सांगितलेल्या जागी गेलो, तर तिथे चिऱ्याची खाण सुरू झाली होती. सडा पुरुषभर खोल कापलेला होता.

आपल्या कसालहून मालवणकडे जाताना मधूनमधून उघडा कातळ लागतो. तोच आपला सडा. सातबाऱ्यावर अशा जमिनीची नोंद बहुधा पडीक किंवा पोटखराबा अशी असते. मे महिन्यात पाहिले तर ते खरेही वाटते. सगळीकडे काळा, तापलेला दगड. हा जांभा दगड. याच्याच चिऱ्यांनी आपली घरे, मशिदी, शाळा उभ्या राहिल्या. फ्रान्सिस बुकानन याने मलबारात हा दगड विटांसारखा कापताना पाहिला आणि 1807 साली विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला लॅटेराइट हे नाव दिले.

पावसाळ्यात मात्र हाच सडा एखाद्या बागेसारखा होतो. या बागेत जागा ठरलेल्या आहेत आणि महिनेही ठरलेले आहेत. म्हणून फूल ओळखताना पहिला प्रश्न नावाचा विचारू नये. ते कुठे उगवले आहे आणि कोणत्या महिन्यात फुलले आहे, हे आधी पाहावे.

पहिल्या पावसानंतर जून-जुलैत, कातळावरच्या पातळ मातीत दीपकाडी येते. अरुंद पाती, सरळ दांडा आणि त्यावर नळीसारखी, सहा पाकळ्यांची पांढरी फुले. श्रावण-भाद्रपदात जिथे पाणी झिरपत असते तिथे खाली वाकून बघा. जांभळी, चिमुकली फुले दिसतील ती सीतेची आसवे. त्यांच्या शेजारी पांढऱ्या बटणासारखे गेंद उभे असतात. ते बटण म्हणजे एक फूल नव्हे, तर अनेक बारीक फुलांचा गुच्छ आहे. माती थोडी जास्त असेल तिथे पिवळा कवला फुलतो. सड्याच्या कडेला गुलाबी तेरडा असतो. त्याची पिकलेली शेंग बोट लागताच फुटते, हा खेळ आपण सर्वांनी लहानपणी केला आहे.

सीतेची आसवे आणि दवबिंदू ही दोन झाडे किडे खाणारी आहेत. दवबिंदूच्या पानावरचे चमकणारे थेंब चिकट असतात, त्यात किडा अडकतो. सीतेच्या आसवांना मुळाशी बारीक पिशव्या असतात, त्या पाण्यातले सूक्ष्म जीव आत ओढून घेतात. कातळावरच्या मातीत नत्र फार थोडे, म्हणून त्यांनी ही सोय केली. ऑस्ट्रेलियाच्या नैऋत्य भागात जमीन अशीच निकस आहे आणि तिथे दवबिंदूच्या कितीतरी जाती आहेत. तिथली रानफुले बघायला माणसे लांबून जातात. आपल्याला कातळापर्यंत चालत जाणेही जड जाते!

पालकांपैकी कोणी म्हणेल, "सर, याचा उपयोग काय?" एक उपयोग अगदी जिवाशी निगडित आहे. पावसाळ्यात कुंपणावर कळलावीचा वेल चढतो. वर वळलेल्या, पिवळ्या-तांबड्या पाकळ्या आणि टोकाला वळण घेऊन आधार पकडणारे पान, ही तिची खूण. तामिळनाडूचे हे राज्यफूल. पण तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसीन नावाचे जहाल विष असते. कंद समजून ती खाल्ली तर माणूस दगावू शकतो. लहान मुलांना ही वेल ओळखता आलीच पाहिजे. आपल्या माताभगिनी टाकळ्याची कोवळी भाजी दुसऱ्या पाल्यात मिसळू न देता खुडून आणतात. ओळख म्हणतात ती हीच. हे ज्ञान आपल्या घरात आहे, ते वहीत उतरले नाही इतकेच.

दुसरा उपयोग एका मुलाच्या गोष्टीतून सांगतो. मुंबईतल्या एका मुस्लिम घरातल्या पोरक्या मुलाने छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, असे त्याने मामांना विचारले. मामांनी त्याला गप्प केले नाही. चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तिथले सचिव मिलार्ड यांनी त्या मुलाला कपाटे उघडून पक्षी दाखवले. तो मुलगा म्हणजे पक्षीतज्ज्ञ सलीम अली. माझ्या वर्गातल्या मुलीने असाच प्रश्न विचारला होता. फरक उत्तर देणाऱ्यात होता.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, यंदाच्या पावसाळ्यात एक वही करा. फूल दिसले की तारीख, जागा, झाडाची उंची, पाने समोरासमोर की एकाआड एक, पाकळ्या किती, हे लिहा. साधे चित्र काढा किंवा मोबाईलवर फोटो घ्या. फूल तोडू नका, कंद तर मुळीच उपटू नका. घरी आजीला, दादीला त्याचे मालवणी नाव विचारा आणि ते आधी लिहा. मग पुस्तकात पडताळा. नाव सापडले नाही तर जागा कोरी ठेवा, अंदाजाने भरू नका.

पालकांनो, घर बांधायला चिरा लागतो हे मला मान्य आहे. माझेही घर चिऱ्याचेच आहे. पण कोणता सडा खणावा आणि कोणता राखावा हे ठरवताना, त्यावर काय आहे हे कोणाला तरी सांगता आले पाहिजे. मालवण तालुक्यातल्या कुडोपीच्या सड्यावर प्राचीन कातळशिल्पे आहेत. 2022 साली युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत कोकणच्या कातळशिल्पांचा समावेश झाला. लोकांनी ती ओळखली, म्हणून त्यांची दखल घेतली गेली. ज्याला नाव नाही त्याच्यासाठी कोणी शब्द टाकत नाही.

ती मुलगी आता शाळेतून गेली. तिला मी उत्तर देऊ शकलो नाही. म्हणून ते आज आपणा सर्वांसमोर देतो आहे: बेटी, त्या फुलाचे नाव दीपकाडी. आणि आपली मुले उद्या एखादे फूल हातात घेऊन दारात उभी राहिली तर त्यांना "रानफूल आहे" म्हणून परत पाठवू नका. नाव माहीत नसेल तर एवढेच म्हणा, "चल, शोधू या."

खुदा हाफिज.