प्रेक्षक रानातला



चित्रकार, शिल्पकार आणि पक्षिनिरीक्षक एकाच मांडवाखाली क्वचितच बसतात. म्हणून आभार आटोपते घेऊन थेट एका नव्या कलाप्रकाराकडे वळतो. यात कलाकार यंत्र घडवतो आणि रानातल्या प्राण्यापुढे ठेवतो. प्रेक्षक म्हणजे तो प्राणीच.

त्यासाठी आधी त्या प्राण्याची रीत शिकावी लागते. कॅलिफोर्नियातली बिळात राहणारी खार सापापुढे शेपूट हलवते. समोर रॅटलस्नेक असेल तर ती शेपूट गरमही करते, कारण आपल्याकडच्या चापड्यासारखे त्या सापालाही उष्णता टिपणारे खळगे असतात. ज्या सापाला ते नसतात, त्याच्यापुढे नुसतीच हलवते. २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधकांनी यांत्रिक खार करून या उष्णतेचा सापावरचा परिणाम पडताळला. शेपटी तापवली, तेव्हा रॅटलस्नेक जास्त बचावात्मक झाला. हे विज्ञान खरं, पण शिल्पकाराला हेवा वाटावा असं त्यात काहीतरी आहे. आपण माणसाच्या डोळ्यांसाठी आकार घडवतो. तिथे उबेलाही अर्थ होता.

अमेरिकी कलाकार इयन इन्ग्रम यांनी खारींच्या शेपटीची खूण उचलून, त्यांना धोक्याचा इशारा देणारं यंत्र केलं. कल्पना मला फार आवडते. मात्र धोका नसताना असा इशारा गेला तर काय होतं, हे ‘लांडगा आला रे आला’ ऐकत वाढलेल्यांना मी काय सांगणार!

२०१७मध्ये बीबीसीच्या ‘स्पाय इन द वाइल्ड’ मालिकेसाठी राजस्थानातल्या वानरांच्या टोळीत एक यांत्रिक पिल्लू ठेवलं होतं. डोळ्यात कॅमेरा. एका वानराच्या हातून ते उंचावरून पडलं आणि निपचित राहिलं. टोळी भोवती जमली, वानरं एकमेकांना बिलगली. तो शोक होता की गोंधळ, यावर अभ्यासकांनी भांडावं. आपण हेलावलो, आपल्याला दृश्य मिळालं. वानरांच्या पदरात काय पडलं? रंगमंचावर मेलेला नट पडदा पडल्यावर उठतो, हे प्रेक्षकाला ठाऊक असतं. वानरांसाठी पडदा पडलाच नाही.

याउलट २००९मध्ये नॅटली जेरेमिजेन्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या पाण्यात तरंगत्या नळ्या सोडल्या. खालून मासा गेला की वर दिवा लागे. माशाला कुणी फसवत नव्हतं. काठावरच्या माणसाला खबर मिळत होती. (रात्रीच्या पाण्यावर दिवे कशाला, ही माझी कुरकुर आहेच.)

आता घरचं. पावसाच्या तोंडावर नवरंग कोकणात येतो आणि मोबाइलवर त्याची शीळ वाजवून त्याला कॅमेऱ्यापुढे आणणारे आपल्यातही आहेत. हद्दीत दुसरा नर घुसलाय असं वाटून तो हातचं काम टाकून येतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत आमिष दाखवणंही येतं. शीळ हे आमिष आहे का, ते वकील ठरवोत. आपल्या प्रदर्शनाचे नियम तर आपल्याच हातात आहेत.

छायाचित्रासोबत ‘आवाज वाजवलेला नाही’ असं लेखी घ्यावं. यंत्रकलेची प्रवेशिका आली, तर प्राण्याने प्रतिसाद दिल्यावर यंत्र काय करेल आणि किती वेळात बंद होईल, हेही लिहून घ्यावं. हा ठराव मी उद्या सकाळच्या सत्रात मांडणार आहे. ज्यांचा विरोध असेल, त्यांनी आज रात्री पंगतीत मला गाठावं.