दाता नव्हे, विश्वस्त

(महोत्सवी सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



धर्मादाय संस्थेच्या महोत्सवात राजकारणावर बोलावे काय, अशी शंका आपणांपैकी काहींच्या मनात आली असेल. पक्षाचे राजकारण निराळे आणि लोकशाहीचा विचार निराळा. पहिल्याला ह्या व्यासपीठावर जागा नाही. दुसऱ्याला आहे, कारण ज्या तत्त्वावर आपली संस्था उभी आहे, त्याच तत्त्वावर लोकशाहीही उभी आहे. ते तत्त्व म्हणजे विश्वस्तपणा.

आपल्या प्रांतातील सार्वजनिक न्यासांचा कायदा १९५१ सालचा. तेव्हा मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ तिकडे गेला, आपण इकडे राहिलो आणि राजधानी भोपाळला गेली. पण कायद्याचे सूत्र बदलले नाही. विश्वस्ताने हिशेब ठेवावा, तो तपासून घ्यावा आणि पैसा ज्या कामासाठी आहे त्याच कामी लावावा, असे ते सूत्र आहे. आपल्याकडून शिष्यवृत्ती घेणारा विद्यार्थी म्हणूनच कोणा विश्वस्ताचा मिंधा होत नाही. पैसा समाजाचा असतो. विश्वस्त केवळ हात पुढे करून तो पोचवितो.

आता हेच माप सरकारला लावून पाहू या.

१० जून २०२३ रोजी मध्यप्रदेशात लाडली बहना योजनेचे पहिले हजार रुपये भगिनींच्या खात्यांत जमा झाले. ऑक्टोबरात, निवडणुकीच्या तोंडावर, त्याचे साडेबाराशे झाले आणि नोव्हेंबर २०२५ पासून दीड हजार. शेजारच्या महाराष्ट्रात जून २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना जाहीर झाली आणि त्याच वर्षी २० नोव्हेंबरला तेथे मतदान झाले. आपल्या कितीतरी लेकी वरूड, नरखेड, काटोलकडे दिलेल्या आहेत. आईला इकडचे पैसे मिळतात, लेकीला तिकडचे. ह्या पैशाला नाके मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. ज्या बाईच्या हाती स्वतःचा म्हणून रुपया कधी पडला नाही, तिला त्यातून औषध आणता येते, मुलाला वही घेता येते. ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु दोन गोष्टी विचारल्याच पाहिजेत. हा पैसा कोणाचा? सुमारे सव्वा कोटी भगिनींना दरमहा दीड हजार द्यावयाचे तर महिन्याला अठराशे कोटींच्या घरात रक्कम लागते. ती कोणा भावाच्या खिशातून येत नाही; मिरचीपासून खतापर्यंतच्या आपल्याच खरेदीवरील करांतून आणि आपल्याच नावावर काढलेल्या कर्जातून येते. दुसरी गोष्ट, हिशेब केव्हा? महाराष्ट्रात पात्रतेची काटेकोर छाननी सुरू झाली ती मतदान आटोपल्यावर. आपल्या संस्थेने अर्ज न तपासता आधी पैसे वाटले असते आणि नंतर नावे कापली असती, तर आपण वार्षिक सभेत काय म्हटले असते?

ह्याच्या उलट उदाहरणही मराठी मुलखातलेच आहे. १९७२ च्या भीषण दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमी योजना उभी राहिली. वि. स. पागे हे तिचे जनक. त्या योजनेने काम मागण्याचा हक्क पुढे कायद्यात आणला आणि खर्चासाठी व्यवसाय कराची तरतूदही झाली. म्हणजे देणे हक्क म्हणून, आणि पैसा कोठून येणार हे सांगून. २००५ साली केंद्राने केलेला रोजगार हमीचा कायदा ह्याच वाटेने आला. मदत आणि मेहरबानी ह्यांतला भेद हाच आहे. मदतीच्या मागे कायदा असतो, मेहरबानीच्या मागे छायाचित्र असते.

तरीही मतदार विकला गेला, असे म्हणणे त्याचा अपमान करणे आहे. आपल्याच भागाकडे पाहा. पांढुर्णा जिल्ह्याची मागणी जुनी आणि रास्त होती. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी, आचारसंहिता लागण्याच्या चार दिवस आधी, पांढुर्णा आणि सौंसर मिळून नवा जिल्हा झाला. १७ नोव्हेंबरच्या मतदानात राज्यात भारतीय जनता पक्षाला १६३ जागा मिळाल्या. परंतु पांढुर्णा आणि सौंसर ह्या दोन्ही जागा काँग्रेसकडे गेल्या. पुढे काही महिन्यांतच, २०२४ च्या लोकसभेत, छिंदवाड्याची जागा काँग्रेसकडून भारतीय जनता पक्षाकडे गेली. ह्यांत योग्य कोणते, हे सांगण्याचे हे स्थळ नव्हे. आपला मतदार घेतो दोन्हीकडून आणि मत देतो आपल्या मनाने, एवढे मात्र ह्यावरून दिसते.

मग उणीव कोठे आहे? ती प्रश्नांत आहे. आपले प्रश्न आपण ठरवीत नाही, दुसरा कोणी ठरवितो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीला जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड आणि त्यावरचा झेंडा उभा राहतो. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. त्या एका दिवशी मोठमोठ्या वाहिन्यांचे कॅमेरे येथे येतात, सांडलेले रक्त देशाला दाखवितात आणि संध्याकाळी निघून जातात. आजचे वृत्तविश्व बारा महिने हीच गोटमार दाखवीत आहे. मधे एक झेंडा रोवावा, दोन काठांवर माणसे उभी करावीत आणि गोटे चालू द्यावेत. पूर्वी ते दिवाणखान्यातल्या पडद्यावर होते. आता मोबाईलमधून उशापाशी आले आहे. सगळ्यांचे डोळे झेंड्याकडे; नदीला पाणी किती उरले, हे कोण पाहतो?

काय काय नजरेआड होते ते ऐका. २०१९ पासून बांगलादेशाने संत्र्यावरील आयातशुल्क पुन्हा पुन्हा वाढविले आणि त्याची झळ नागपूर-वरूडच्या बागांप्रमाणे आपल्याही बागांना बसली. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने परदेशी कापसावरील ११ टक्के आयातशुल्क वर्षअखेरपर्यंत उठविले. म्हणजे नेमका आपला कापूस वेचणीला येण्याच्या हंगामात. त्याच वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात परासियाच्या परिसरात विषारी द्रव्य मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालके दगावली. कित्येकांना उपचारांसाठी नागपूरला न्यावे लागले. काही आठवडे देशभर आरडाओरड झाली आणि मग कॅमेरे दुसरीकडे वळले. औषधांची तपासणी आता कशी होते, आपल्या जवळच्या इस्पितळात मुलांवर कोणते उपचार होऊ शकतात, हे प्रश्न मात्र आपल्यापाशीच राहिले. ते आपण विचारले नाहीत, तर कोणीच विचारणार नाही.

वर्तमानपत्राचा दोष सांगताना त्याचे ऋणही विसरू नये. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभेच्या निवडणुकीत पैसे घेऊन छापलेल्या 'बातम्यां'चा प्रकार उजेडात आणला, तो पी. साईनाथ ह्या पत्रकारानेच. तेव्हा बातमी वाचूच नये असे नव्हे; ही बातमी कोणाच्या पैशाने माझ्यापर्यंत आली, एवढे विचारून वाचावी.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटनासमितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बजाविले होते की, धर्मात भक्ती तारक असेल, पण राजकारणात व्यक्तिपूजा अधःपाताकडे नेते. दाता म्हणून कोणाही पुढाऱ्याची आरती ओवाळू लागलो की हिशेब मागण्याचे आपले तोंड बंद होते.

म्हणून माझी आपणांस विनंती आहे. पुढील विधानसभेची निवडणूक २०२८ च्या सुमारास येईल. तोवर प्रत्येक घराने आपले पाच प्रश्न कागदावर लिहून ठेवावेत. संत्र्याचे, कापसाचे, पाण्याचे, शाळेचे, दवाखान्याचे. घरातील बायकांनी आपला कागद निराळा लिहावा. तो पुरुषांच्या कागदाहून वेगळा निघेल आणि बहुधा अधिक नेमका असेल. ते प्रश्न ग्रामसभेत मांडावेत, माहितीच्या अधिकाराचा अर्ज लागेल तेथे करावा, आणि उमेदवार दाराशी येईल तेव्हा, तो कोणत्याही पक्षाचा असो, चहा जरूर द्यावा आणि कागदही पुढे ठेवावा.

आपल्या संस्थेने इतकी वर्षे पै-पैचा हिशेब सभासदांपुढे ठेवला, म्हणूनच आज हा महोत्सव साजरा होत आहे. आपण आपल्या विश्वस्तांकडून जे मागतो, तेच राज्याच्या विश्वस्तांकडून मागावे. त्यापेक्षा अधिक नको आणि कमीही नको.